सूत्र झालें, भाष्य कोठें आहे?

नोव्हेंबर महिना उजाडला, कीं आम्हां निवृत्तांना आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. पूर्वीं हें काम सोपें असे. बँकेंत किंवा कोषागारांत जावें, यादींत आपलें नांव शोधावें आणि समोरच्या कारकुनाकडे पाहून सही ठोकावी; कारकुनाला आपण जिवंत दिसलों म्हणजे झालें. १० नोव्हेंबर २०१४ रोजीं केंद्र सरकारनें ‘जीवन प्रमाण’ नांवाची संगणकीय सोय सुरू केली, आणि बोटाच्या ठशावरून घरबसल्या किंवा जवळच्या केंद्रांत हा दाखला मिळूं लागला. २०२१ च्या नोव्हेंबरापासून तर नुसता चेहरा दाखवूनहि काम भागूं लागलें. योजना उत्तम आहे, हें आरंभींच सांगितलें पाहिजे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कोषागाराच्या पायऱ्या चढाव्या लागत नाहींत, ही सोय लहान नव्हे.

परंतु ही सोय हातांत घेऊन बदलापुरांतील एखादा सत्तरीचा गृहस्थ एकटा बसला, म्हणजे काय होतें तें पाहा. चेहऱ्याची ही सोय आली ती एका ॲपवर नव्हे, दोन ॲपवर. त्यांतील एक उघडून पाहावें, तर त्यांत करण्यासारखें कांहींच नाहीं. तें पडद्यामागें राहून चेहरा ओळखण्याचें काम करतें. दुसरें उघडावें, तर तें प्रथम ‘ऑपरेटर’चा चेहरा मागतें. गृहस्थ म्हणतो, मी तर पेन्शनर, हा ऑपरेटर कोण? घरीं एकटें असतांना आपणच ऑपरेटर आणि आपणच पेन्शनर, तेव्हां एकच चेहरा दोनदां दाखवावयाचा असतो, हें त्याला कोणीं सांगितलेलें नसतें. मग पेन्शन मंजूर करणारी कचेरी कोणती आणि पेन्शन देणारी कचेरी कोणती, असे दोन प्रश्न येतात. जन्मभर नोकरी करून हा भेद ज्याला कधीं पडताळावा लागला नाहीं, तो येथें थबकतो. शेवटीं तो मोबाईल खिशांत घालतो, स्टेशनाजवळच्या दुकानांत जातो, आणि एका अनोळखी मुलाच्या हातीं मोबाईल, आधारपत्र, पेन्शनचा कागद व वर ओटीपी, असें सर्व कांहीं देऊन बाकावर बसून राहतो. काम दोन मिनिटांत होतें. मुलगा बहुधा प्रामाणिकच असतो. परंतु ज्यानें तीस वर्षें इतरांना लिहावयास-वाचावयास शिकविलें, तो माणूस त्या बाकावर निरक्षर होऊन बसलेला असतो.

त्या आज्ञावलींत दोष नव्हता. आज्ञावलीबरोबर जीं चार पानें यावयास हवीं होतीं तीं आलीं नाहींत, अथवा आलीं तीं ज्याला आधींच सर्व समजतें त्यालाच समजतील अशीं होतीं. प्रस्तुत लेखाचा विषय हीं चार पानें हा आहे. इंग्रजींत ज्याला डॉक्युमेंटेशन म्हणतात, त्याला हल्लीं मराठींत ‘दस्तऐवजीकरण’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. हा शब्द ऐकतांच रजिस्ट्रारची कचेरी आणि स्टँपपेपर डोळ्यांसमोर उभा राहतो. तेव्हां आम्ही तो बाजूला ठेवून ‘भाष्य’ हा आपला जुना शब्द वापरूं.

जुना शब्द वापरण्यास कारणहि आहे. संगणकाची आज्ञावली आणि संस्कृतांतील सूत्रग्रंथ यांची जात एकच आहे. पाणिनीच्या अष्टाध्यायींत सुमारें चार हजार सूत्रें आहेत, आणि त्यांचा क्रम शिकणाऱ्याच्या सोयीनें लावलेला नाहीं. तो सूत्रांच्या सोयीनें लावला आहे. एका सूत्रांतील पद पुढच्या अनेक सूत्रांत ओढून न्यावयाचें, म्हणजे तें पुन्हां उच्चारावें लागत नाहीं. आज्ञावली रचणारेहि हेंच करतात. एकदां लिहिलेली गोष्ट दुसऱ्यांदा लिहावी लागूं नये, यांत त्यांचें कौशल्य. ही रचना यंत्राला मानवते, पण नवख्या माणसाला तींतून वाट सांपडत नाहीं. म्हणून पाणिनीमागून कात्यायन आला, त्याच्यामागून पतंजलि आला, आणि एका लहानशा सूत्रावर प्रश्नोत्तरांची रांग लागली. पुढें सतराव्या शतकाच्या सुमारास भट्टोजी दीक्षितांनीं सिद्धान्तकौमुदी रचली. त्यांनीं केलें काय? संधि करावयाचा असेल तर लागणारीं सूत्रें एका ठिकाणीं, नाम चालवावयाचें असेल तर लागणारीं दुसऱ्या ठिकाणीं, अशी सर्वांची नवी मांडणी केली. सूत्रें तींच, पण क्रम आतां शिकणाऱ्याच्या कामाचा झाला. त्यांचे शिष्य वरदराज यांनीं तर त्यांतून बाराशेंहून थोडीं अधिक सूत्रें निवडून बालकांसाठीं लघुकौमुदी केली. शास्त्र एकच, परंतु वाचक निराळे, म्हणून ग्रंथ निराळे. संगणकाच्या व्यवसायांतील मंडळींना हें आजहि पुन्हांपुन्हां सांगावें लागतें, कीं प्रत्येक बटणाचें वर्णन वर्णानुक्रमें दिलें म्हणजे भाष्य झालें असें होत नाहीं. माणूस बटण शोधावयास येत नाहीं. तो काम घेऊन येतो.

आपल्याकडे शास्त्रग्रंथाच्या आरंभीं चार गोष्टी सांगण्याची शिस्त होती: विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी. त्यांतील अधिकारी म्हणजे कचेरींतला अंमलदार नव्हे. हा ग्रंथ कोणासाठीं आहे, आणि त्याला आधीं काय येत असलें पाहिजे, हें सांगणें म्हणजे अधिकारी सांगणें. जीवन प्रमाणाच्या आरंभीं कोणी एवढेंच लिहिलें असतें, कीं ‘हें निवृत्त माणसासाठीं आहे, आधार क्रमांक, पेन्शनचा कागद, बँकेचें पुस्तक व स्वतःचा मोबाईल जवळ घेऊन बसा, घरीं एकटे असाल तर ऑपरेटरहि तुम्हीच’, तर दुकानाच्या बाकावरची अर्धी गर्दी ओसरली असती. चार ओळींचें काम आहे. तें होत नाहीं, कारण आज्ञावली रचणाऱ्याला स्वतःला तें इतकें उघड दिसत असतें, कीं सांगण्यासारखें त्यांत कांहीं आहे असें त्याला वाटतच नाहीं.

घरांतील उदाहरण हवें असेल तर पूजेची पोथी काढून पाहावी. गणेशचतुर्थीला गुरुजी मिळाले नाहींत, तर आपल्यापैकीं कित्येक घरांत पोथी पुढें ठेवून पूजा होते. चांगल्या पोथींत मंत्र मोठ्या टाइपांत असतो, आणि ‘आतां पळीभर पाणी ताम्हनांत सोडावें’, ‘येथें अक्षता वाहाव्या’ हें बारीक टाइपांत, मराठींत असतें. आरंभीं सामग्रीची यादी असते, म्हणजे अर्ध्या पूजेंतून उठून दूर्वा शोधावयास जावें लागत नाहीं. काय म्हणावयाचें आणि काय करावयाचें हीं दोन निराळीं दिसलीं पाहिजेत, ही समज त्या छापणाऱ्यांना होती. नाहीं तर ‘इति आचमनं कुर्यात्’ हेंहि खड्या आवाजांत म्हणणारे यजमान आम्हीं पाहिले आहेत.

आणि स्वयंपाकघरांत जावें तर कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ आहे. तिच्या आधीं मराठींत पाकशास्त्राचीं पुस्तकें नव्हतीं असें नाहीं. लक्ष्मीबाई धुरंधर यांचें ‘गृहिणीमित्र’ १९१० सालचें. परंतु १९७० सालीं रुचिरा निघाली आणि ती घरोघर पोंचली, त्याचें मोठें कारण आमच्या मतें तिच्यांतील वाटी आणि चमचा हें आहे. सासूनें सुनेला ‘अंदाजानें घाल’ म्हणून सांगावें, आणि तो अंदाज यावयास सुनेचीं दहा वर्षें जावींत, ही जुनी रीत. तोळे आणि मासे लिहावे, तर ओट्यावर तराजू नाहीं. वाटी मात्र प्रत्येक घरीं आहे. नवीं लग्नें होऊन मुली दूर गांवीं, परदेशीं गेल्या. तेथें विचारावयास आई नव्हती, शेजारीण नव्हती, तरी भाजणी जमली. वाचणाऱ्याच्या हाताशीं काय आहे हें पाहून माप निवडणें, ही भाष्यकाराची खरी विद्या होय. रुचिरा हातीं असलेली मुलगी कोणाच्याहि दारीं पाककृति विचारावयास गेली नाहीं, यांत तिच्या पाककौशल्याइतकाच तिच्या मानाचाहि प्रश्न होता.

संगणकाच्या जगांतहि ही विद्या कोणाला नव्हती असें म्हणतां येणार नाहीं. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्सन आणि डेनिस रिची यांनीं ‘युनिक्स’ नांवाची प्रणाली रचली. आज आपल्या हातांतील बहुतेक मोबाईल-यंत्रांत जें चालतें तें त्याच वंशांतलें, अथवा त्याच वळणावर रचलेलें आहे. तिच्या भाष्याच्या पहिल्या आवृत्तीवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. त्यांत प्रत्येक आज्ञेला ठरलेले मथळे असत: नांव काय, लिहावयाची कशी, करते काय, आणि शेवटाकडे एक मथळा ‘दोष’ हा असे. आपल्या मालांतील खोड आपणच छापून द्यावयाची! व्यापारी माणसाला हें वेडेपणाचें वाटेल. पण त्याच प्रयोगशाळेंतील डग मॅकिलरॉय यांनीं पुढें सांगितलें आहे, कीं नवी आवृत्ति निघण्याची वेळ आली कीं तेथें एकच धांदल उडे. लिहावयास बसलें म्हणजे एखादी गोष्ट किती ओबडधोबड आहे हें ध्यानांत येई, आणि हें छापावयाची लाज वाटून ती गोष्टच दुरुस्त करण्यांत येई. म्हणजे भाष्यानें वाचकाचें काम केलेंच, वर सूत्रकाराचेंहि केलें. वर्गांत धडा समजावून सांगतांना आपल्यालाच तो कोठें कळला नाहीं हें शिक्षकाच्या लक्षांत येतें, हा अनुभव शिक्षकी पेशांतील प्रत्येकाला असेल.

जेथें ही लाज नव्हती, तेथें काय झालें याचीहि नोंद आहे. ‘थेरॅक-२५’ नांवाचें कर्करोगावर किरणोपचार करणारें एक यंत्र कॅनडांतील एका सरकारी कंपनीनें तयार केलें होतें. १९८५ च्या जूनपासून १९८७ च्या जानेवारीपर्यंत अमेरिका व कॅनडा येथें त्या यंत्रानें सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणें दिलीं, आणि त्यांपैकीं निदान तिघे त्यामुळें दगावले. मूळ दोष आज्ञावलींतलाच होता, आणि पूर्वींच्या यंत्रांत असलेले सुरक्षेचे यांत्रिक अडसर या यंत्रांतून काढून टाकले होते, हेंहि खरें. पण आमचें लक्ष वेधलें तें निराळ्या गोष्टीनें. टेक्सस प्रांतांतील टायलर गांवच्या रुग्णालयांत १९८६ च्या मार्चमध्यें यंत्र चालविणाऱ्या बाईंच्या समोर पडद्यावर अक्षरें उमटलीं: ‘बिघाड ५४’. पुस्तिकेंत बिघाड ५४ म्हणजे काय, याचा खुलासा नव्हता. असे क्रमांकाचे बिघाड त्या यंत्रावर नित्य येत, आणि त्यांनीं कोणाला इजा होते असें कोणीं सांगितलें नव्हतें. कळ दाबली कीं काम पुढें चालू होई. बाईंनीं कळ दाबली. आंत झोपलेल्या रुग्णाला दुसऱ्यांदा तोच मारा बसला. तीन आठवड्यांनीं त्याच रुग्णालयांत दुसऱ्या रुग्णाच्या बाबतींत तोच क्रमांक पुन्हां उमटला. त्या क्रमांकापुढें ‘येथें थांबा, कळ दाबूं नका, रुग्णाला बाहेर काढा’ एवढें एक वाक्य छापलेलें असतें, तर? दोष राहिलाच असता. पण तो त्या दिवशीं त्या बाईंच्या हातून पुढें गेला नसता. अंबरनाथ आणि बदलापूर येथील औद्योगिक वसाहतींत रसायनांच्या टाक्यांजवळ उभें राहून काम करणारांच्या घरच्या मंडळींना या वाक्याचें मोल निराळें सांगावयास नको.

एवढ्या दूर जाण्याचीहि गरज नाहीं. २०२४ सालीं महाराष्ट्रांत ‘लाडकी बहीण’ योजना आली, आणि महिना पंधराशें रुपयांसाठीं लक्षावधि स्त्रियांनीं, कोणीं मोबाईलवरून, कोणीं अंगणवाडीच्या सेविकेकडून, अर्ज भरले. २०२५ च्या सप्टेंबरांत त्याच स्त्रियांना आपली ओळख संगणकावर पुन्हां पटवून देण्यास सांगण्यांत आलें. त्यांत पति अथवा पिता यांचा आधार क्रमांक आणि त्यावर आलेला ओटीपी देणें भाग होतें. ज्या बाईचे पति निवर्तले आणि वडीलहि हयात नाहींत, तिनें त्या चौकटींत काय लिहावें? पुढें मुदत डिसेंबरअखेरपर्यंत वाढविण्यांत आली, व अशा स्त्रियांसाठीं निराळी सोयहि करण्यांत आली. आमचें म्हणणें एवढेंच, कीं त्या चौकटीचें भाष्य लिहावयास कोणी आरंभींच बसला असता, तर ‘पति किंवा पिता नसल्यास’ हे शब्द लेखणींतून उतरतांनाच त्याचा हात थांबला असता, आणि तो उठून आज्ञावलीकाराकडे गेला असता.

अर्जांतील भाषेचीहि तीच कथा. ‘माझ्या कुटुंबांत कोणीहि सरकारी नोकरींत नाहीं’ असें वाक्य द्यावयाचें आणि खालीं ‘होय’ व ‘नाहीं’ अशीं दोन बटणें ठेवावयाचीं. आतां ज्याच्या घरीं खरोखर कोणी नोकरींत नाहीं, त्यानें कोणतें बटण दाबावें? मराठी माणूस ‘तूं जेवला नाहींस ना?’ या प्रश्नाला ‘नाहीं’ असें उत्तर देऊन उपाशी असल्याचें सांगतो. तर्कशास्त्राप्रमाणें ‘होय’ बरोबर, आणि बोलण्याच्या रीतीप्रमाणें ‘नाहीं’. अशा बटणावर कोणाचा हक्क अवलंबून ठेवूं नये. वाक्यांतील एक नकार काढून टाकला कीं भांडण मिटतें. पण त्यासाठीं तें वाक्य छापण्यापूर्वीं कोणी तरी मोठ्यानें वाचलें पाहिजे.

भाष्य नसल्याचा दुसरा एक परिणाम याहून वाईट आहे. अडलेला माणूस इंटरनेटवर मदतीचा क्रमांक शोधूं लागतो. बँकेचा वा विजेच्या कंपनीचा म्हणून खोटे क्रमांक तेथें पेरून ठेवणाऱ्यांची एक जातच निर्माण झाली आहे. फोन लावला कीं पलीकडचा गृहस्थ अत्यंत अदबीनें बोलतो. ‘काका, घाबरूं नका, मी सांगतों तसें करा’ म्हणतो, आणि एक ॲप उतरवावयास सांगून आपल्या मोबाईलचा पडदा स्वतःच्या समोर उघडा करून घेतो. वाचकांनीं लक्षांत घ्यावें, कीं जें काम मूळ संस्थेच्या भाष्यानें करावयाचें, तेंच हा ठग करीत असतो; सावकाश, गोड बोलून, एकेक पायरी सांगत. म्हणून तर त्याच्यावर विश्वास बसतो. (पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावें, जितका उशीर तितकी आशा कमी.)

मराठींत असें लिहितां येतें काय, अशी शंका कोणी काढील. येतें. २००१ सालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळानें ‘एमएस-सीआयटी’ हा शिक्षणक्रम त्याच वर्षीं सुरू केला. त्याचीं पुस्तकें मराठींतहि निघालीं, आणि गांवोगांवचे कारकून, शिक्षक व गृहिणी तीं पुढें ठेवून माऊस धरावयास शिकल्या. त्या काळीं पन्नाशीच्या शिक्षकांनीं चाळीशीचा चष्मा लावून दिलेल्या परीक्षा आम्हांस चांगल्या आठवतात. तेथें एक गोष्ट कळून आली, कीं नुसतें भाषांतर म्हणजे भाष्य नव्हे. पडद्यावर इंग्रजी ‘सबमिट’ असेल आणि पुस्तकांत ‘सादर करा’ असेल, तर ‘सादर’ हा सुंदर शब्द असूनहि वाचणारा तें बटण शोधीतच राहतो. भाष्यांत तोच शब्द हवा जो डोळ्यांना पडद्यावर दिसतो. अर्थ हवा तर पुढें सांगावा. ‘जतन करा’ हा मात्र आमच्या मतें बिनतोड शब्द झाला आहे. त्याच्या जनकाला नमस्कार.

उल्हासनगरांत हा प्रश्न आणखी एका अंगानें पाहावयास मिळतो. १९४९ सालीं फाळणीनंतरच्या निर्वासितांच्या छावणीला उल्हासनगर हें नांव मिळालें. तेथील सिंधी भाषेला १९६७ सालीं घटनेच्या आठव्या परिशिष्टांत स्थान मिळालें; पण ती अरबी वळणाच्या लिपींतहि लिहितात आणि देवनागरींतहि. आजोबा पहिली लिपि वाचतात, नातू इंग्रजीखेरीज कांहीं वाचत नाहीं, आणि दोघेहि घरीं सिंधीच बोलतात, अशीं घरें तेथें आहेत. अशा घरासाठीं भाष्य छापावें कोणत्या लिपींत? आम्हांस वाटतें, तेथें छापूंच नये. बोलून ध्वनिमुद्रित करावें. अधिकारी पाहून ग्रंथ करावा, हा नियम येथेंहि तोच.

आतां आमच्या गांवांत झालेल्या एका लहान उद्योगाविषयीं सांगतों. मुंबईच्या उपनगरी गाड्यांचें तिकीट मोबाईलवर काढण्याची सोय २०१४ च्या अखेरीस सुरू झाली, आणि २०१५ पासून तें तिकीट कागदाविना चालूं लागलें. २०२५ च्या जुलैमध्यें रेल्वेनें निरनिराळीं कामें एकत्र करणारें ‘रेलवन’ नांवाचें नवें ॲप आणलें. या कागदाविना तिकिटाला एक अट घालण्यांत आली: स्थानकांत, रुळांच्या अगदीं जवळ उभें राहून तें निघावयाचें नाहीं. बदलापूरच्या फलाटावर गाडी शिरत असतां मोबाईल चाळणाऱ्या माणसाला यंत्र नकार देतें, आणि तो म्हणतो, ‘बिघडलेलें दिसतें.’ वास्तविक तें बिघडलेलें नसतें. तिकीटतपासनीस दिसला कीं गाडींत बसल्याबसल्या तिकीट काढण्याची युक्ति कोणाला करतां येऊं नये, म्हणून तो नकार आहे. कारण एकदां कळलें कीं माणूस तो नियम विसरत नाहीं, व रागावतहि नाहीं. कारण न कळतां नियम पाठ करावयाचा म्हणजे रूपें न समजतां धातु घोकण्यासारखें.

आमच्या कट्ट्यावरील मंडळींसाठीं या तिकिटाचें एक पान तयार करावें असें ठरलें. शेजारची एक मुलगी पुण्यास संगणक अभियंता आहे. सुटींत आली असतां तिनें मसुदा लिहून दिला. मसुद्यांत पहिलेंच वाक्य ‘लोकेशन चालू असल्याची खात्री करा’ असें होतें. मी विचारलें, “बाळ, हें लोकेशन चालू कोठें करतात?” ती म्हणाली, “सर, हें तर सगळ्यांना माहीत असतं.” तेव्हां आम्ही दोघांनीं एक परीक्षा ठेवली. चाळीशीं लावणाऱ्या एका पंचाहत्तरीच्या आजींच्या हातीं तें पान व मोबाईल दिला, आणि आपण दोघांनीं तोंडांतून अक्षर काढावयाचें नाहीं असा करार केला. आजी जेथें थांबतील तेथें मुलीनें पेन्सिलीनें खूण करावयाची. एका पानावर अकरा खुणा झाल्या. मुलगी तिसऱ्या खुणेपासून अस्वस्थ होऊन बोलावयास जात होती. तिला मी खुणेनें गप्प बसविलें. आजींना शाबासकी किंवा दोष देण्याचा तो प्रसंग नव्हता. परीक्षा पानाची होती.

त्या रात्रीं मुलीनें पान पुन्हां लिहिलें. ‘खात्री करा’ गेलें आणि ‘पडद्यावर वरून खालीं बोट ओढा, थेंबासारखें चित्र दिसेल, त्यावर टेंका’ हें आलें. स्थानकाबाहेर तिकीट कां काढावयाचें, हें कारणासह आलें. तळाशीं, युनिक्सवाल्यांची आठवण ठेवून, ‘दोष’ हा मथळा आम्हीं आग्रहानें घालविला: मोबाईलची बॅटरी संपली तर तिकीट दाखवितां येत नाहीं, तेव्हां परतीचा प्रवास रात्रीचा असेल तर खिडकीवरचें कागदी तिकीट काढावें. मुलीच्या मतें हें आपल्याच सोयीची निंदा केल्यासारखें होतें. पण आजींनीं सर्वांत आधीं तेंच वाचलें, आणि म्हणाल्या, “एवढं सांगितलंत ना, मग बाकीचंही खरं असेल.”

पानाच्या अगदीं शेवटीं तारीख घातली आहे. अंबरनाथच्या शिवालयांतील शिलालेखांत शके ९८२ असें कोरून ठेवलें आहे म्हणून आज आपणांस त्या दगडांचें वय सांगतां येतें. आणि ॲपचें तर काय, तें दर महिन्याला बदलतें. तारखेवांचून भाष्य म्हणजे गतवर्षींचें पंचांग. मध्यंतरीं ॲपमधील एक बटण खालून वर गेलें, तेव्हां पानाची दुसरी आवृत्ति काढावी लागली. जुन्या प्रती गोळा करण्याचें काम आजींनीं आपणहून पत्करलें; त्या घरोघर जाऊन जुनें पान परत घेतात आणि नवें हातीं ठेवतात, आणि देतांना एकदां मोठ्यानें वाचावयास लावतात.